लहान भाऊ चर्चला यायचं बंद झालाय, देवच नाही म्हणालाय. लोकांचा विश्वास असा का जातो?

कॅम्पातला_थोरला

नमस्कार मंडळी, सलाम. पहिल्यांदाच हितं लिहालोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचं घर बेळगाव कॅम्प साईडचं, चार पिढ्या मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिस्ती. आजोबा चर्चमधी डिकन होते, पप्पा संडे स्कूल घ्यायचे. लहान भाऊ उद्यमबागला मशीन शॉपमधी आहे, सीएनसीवर. लहानपणी बायबल क्विझला पहिला नंबर तेचाच, मला ६६ पुस्तकांची नावं आजून ओळीनं येत नाहीत, तेला उलटी सुद्धा यायची.

२०२१ च्या मे मधी पप्पांना कोविड झाला. दीड दिवस बेड मिळाला नाही, गाडीतच सिलिंडर लावून बसलेलो, नळी भावाच्या हातात. चर्चच्या ग्रुपवर प्रार्थनेची साखळी चालू, अर्धा अर्धा तास वाटून घेतलेला, रात्री ३ ला पण कोण ना कोण गुडघ्यावर. पप्पा गेले. नंतर घरी प्रार्थनेला आलेल्या एकानं, नाव नको, चांगलाच माणूस आहे, सहज म्हटलं की कुणाच्या तरी विश्वासात कमी पडली असंल. भाऊ तेव्हा खुर्च्या मांडत होता. काय बोलला नाही, खुर्च्या मांडल्या.

पुढं वर्षभर येत होता चर्चला. मग दर रविवारी सेकंड शिफ्ट, नाईट शिफ्ट, मग काहीच कारण द्यायचं बंद. गेल्या महिन्यात जेवताना आईनं तेला प्रार्थना कर म्हटलं तर म्हणाला, मी नाही करत, देवच नाही तर कुणाला सांगू. आई ताट तसंच ठेवून आत गेली.

काका म्हणालेत यूट्यूब बघून बिघडलाय, मोबाईल काढून घ्या. २७ वर्षाच्या माणसाचा मोबाईल कसला काढून घेताय! मला भांडायचं नाही, तेला ओढून पण आणायचं नाही. खरंच समजून घ्यायचंय. देव, बायबल ह्याच्यावरनं माणसाचं मन का उडतं? कुणाचं उडालं असंल तर मोकळं सांगा.

निपाणी_साधा_माणूस

थोरले, तुमच्या काकांना सांगा यूट्यूबच्या आधी मला बायबलनंच बिघडवलं 😄

मस्करी सोडा. मी पण ख्रिस्ती घरातला, आता नास्तिक, १२ वर्षं झाली. बारावीनंतर ठरवलं की उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत सगळं एकदा वाचायचं. चर्चमधी काय होतं, ठरलेलीच वचनं फिरून फिरून येतात, स्तोत्र २३, योहान ३:१६, झालं. सगळं वाचायला बसलं की १ शमुवेल १५ येतं. तितं देवाचा शौल राजाला हुकूम आहे की अमालेकी लोक मारून टाक, बाया, पोरं, अंगावर पिणारी बाळं, गुरं, उंट सगळं. मी पाळकांना विचारलं, ते चिडले नाहीत, फक्त म्हणाले ह्या वयात असले प्रश्न पडतात. वयाचा काय संबंध की! प्रश्न बाळांचा होता.

मग एकदा चष्मा बदलला की दिसतच जातं. मत्तयच्या शुभवर्तमानात मरियेचा नवरा योसेफ, तेच्या बापाचं नाव याकोब, लूकच्यात एली. येशूला पकडून देणारा यहूदा इस्कर्योत मत्तयात गळफास घेऊन मरतोय, प्रेषितांच्या कृत्यांत पडून पोट फुटून. मार्कच्या शेवटच्या १२ ओळी सगळ्यात जुन्या दोन पूर्ण हस्तलिखितांत नाहीतच. ह्या गोष्टींनी देव नाही हे सिद्ध होत नाही, ते मला बी कळतंय. पण लहानपणापासून 'एक अक्षर चुकीचं नाही' असं शिकवलेलं असतं आणि ते एक अक्षर सापडलं की भिंतच खाली येती. मला जर आधीच सांगितलं असतं की हे पुस्तक शेकडो वर्षांत वेगवेगळ्या माणसांनी लिहिलंय तर कदाचित मी आजून चर्चमधी असतो, काय की.

तुमच्या भावाचं माझ्यासारखं वाटत नाही पण. तेचं पुस्तकानं नाही, खुर्च्या मांडताना गेलंय.

खानापूरची_नर्सबाय

माझं उत्तर ऐकून तुम्हाला हसू येईल. माझा विश्वास वादात हरला नाही की दुःखात गेला नाही. माझे कपडे धुवायचे होते.

आम्ही खानापूर तालुक्यातले कॅथलिक, मूळ गोव्याचे. घरी कोकणी, बाहेर मराठी. गावात असताना मिसा, म्हणजे रविवारची चर्चमधली उपासना, चुकवली तर सोमवारी सगळ्या गल्लीला माहिती, मावशी विचारणार, फादर विचारणार, शाळेच्या सिस्टर विचारणार. नोकरीला बेंगळुरूला गेले, हॉस्टेल, सहा दिवस ड्युटी, रविवार एकच दिवस आणि पाणी सकाळी ७ ते ९. मिसा ८ ची. पहिला रविवार चुकला तेव्हा अपराध्यासारखं वाटलं, दुसऱ्याला थोडं कमी, चौथ्याला लक्षातच नाही. कुणी विचारलं नाही. दोन वर्षांनी एकदा अपघात विभागात रात्री एक म्हातारी माझा हात धरून जपमाळ म्हणत होती आणि मला पुढची ओळ आठवेना, तेव्हा कळलं की हे गेलंय. कधी गेलं माहिती नाही.

लोक समजतात की विश्वास सोडणारा माणूस एक दिवस उठून ठरवतो. तसले थोडे. आमच्यासारखे जास्त. इंग्लंड आणि वेल्सच्या जनगणनेत २०११ ला ख्रिस्ती लिहिणारे ५९.३ टक्के होते ते २०२१ ला ४६.२ वर आले आणि 'धर्म नाही' लिहिणारे २५.२ वरनं ३७.२ वर गेले, आता एवढ्या सगळ्या लोकांनी काय दहा वर्षांत बसून ग्रीक हस्तलिखितं तपासली काय? बऱ्याच जणांचे आईबापच जात नव्हते, पोरं कुठली जाणार.

आणि आपल्याकडची अजून एक गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून सांगते. भाषा. माझी भाचरं इंग्लिश मीडियम, दुसरी भाषा कानडी. आजीची प्रार्थना कोकणी मराठी. पोरांना देवनागरी अक्षर जुळवून वाचावं लागतं. आजीचं जाड पुस्तक तेंच्यासाठी नुसती एक वस्तू आहे, कपाटावरची. उघडतच नाहीत तर विश्वास ठेवा की सोडा, दोन्हीचा प्रश्न कुठं येतोय.

जय_हो_७७

एवढं लांबड कशाला. उपास धरा आणि प्रार्थना करा, भाऊ परत येईल. आमेन.

निपाणी_साधा_माणूस

@जय_हो_७७ भाऊ, सिलिंडर धरून बसलेल्या पोराला हेच सांगितलेलं की सगळ्यांनी. जरा सुम्म बसा.

निवृत्त_गुरुजी

मी ७१ वर्षांचा आहे, टायपिंग हळू होते, चुका झाल्यास क्षमा असावी. मिशन शाळेत मराठी शिकवले, आजही दर रविवारी उपासनेला जातो, म्हणजे मी या बाजूचा माणूस आहे हे आधी सांगतो.

थोरले, तुमच्या घरी आलेल्या त्या गृहस्थांनी जे केले ते बायबलातच लिहून ठेवलेले आहे. ईयोबाची मुलेबाळे, गुरेढोरे, सगळे गेले, अंगभर फोड आले, तेव्हा अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघे मित्र आले. आले आणि ७ दिवस ७ रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. तेवढेच काय ते त्यांनी बरोबर केले. तोंड उघडल्यावर मात्र तुझेच काहीतरी चुकले असणार हा एकच धोशा. शेवटच्या अध्यायात देव रागावतो तो ईयोबावर नाही. ईयोबाने तर जन्मलो तो दिवस जळो इथपर्यंत बोलून घेतले होते. देव रागावतो या तिघांवर, की माझ्याविषयी तुम्ही नीट बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. आमच्या मंडळ्यांत हा अध्याय 'ईयोबाला दुप्पट मिळाले' एवढ्यासाठीच वाचतात. मी स्वतः तीस वर्षे तसाच शिकवला.

अमेरिकेत बार्ट एहरमन म्हणून नव्या कराराचे मोठे अभ्यासक आहेत. तरुणपणी कट्टर विश्वासणारे, मूडी बायबल इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले, आज स्वतःला अज्ञेयवादी म्हणतात, म्हणजे देव आहे की नाही हे कळू शकत नाही असे मानणारे. निपाणीकर सांगतात त्या हस्तलिखितांवर त्यांचे आयुष्य गेले, म्हणून सगळ्यांना वाटते त्यानेच विश्वास गेला. ते स्वतः सांगतात की नाही, जगातल्या दुःखाचे उत्तर मिळेना म्हणून गेला. डार्विनचेही तेच. आपण म्हणतो माकडामुळे नास्तिक झाला. १८५९ ला त्याचे पुस्तक आले, पण १८५१ मध्ये त्याची दहा वर्षांची मुलगी ॲनी वारली होती आणि त्या घावाने उरलासुरला विश्वास संपला असे बरेच चरित्रकार मानतात.

दुसरे असे की बेळगावात तरी आपल्याला प्रश्नांची भीती वाटायला नको. इथे लंडन मिशन १८२० ला आले, १९०४ ला ते काम मेथडिस्टांकडे गेले, हे तुमच्या आजोबांना तोंडपाठ असेल. मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी याच बेळगावात १८३१ ला जन्मले, इथल्याच मिशन शाळेत शिकले आणि १८५४ ला बाप्तिस्माही इथेच घेतला. कशाने? घरच्या धर्माला प्रश्न विचारूनच की! पंडिता रमाबाई घ्या. दुष्काळात वडील, आई, बहीण डोळ्यांदेखत गेली, व्रते उपास करूनही कोणी धावले नाही, तिथे त्यांचा जुना विश्वास तुटला. पुढे १८८३ ला इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि लगेच तिथल्या सिस्टरांशी त्रैक्यावरून (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीवरून) पत्रांतून वाद घालायला लागल्या, की तुम्ही सांगता म्हणून मानणार नाही. आपल्या पणजोबांनी शंका घेतली की ती सत्याचा शोध आणि आपल्या पोराने घेतली की यूट्यूब, हे कसे काय?

भावाला वचने पाठवू नका. त्याला ती तुमच्यापेक्षा जास्त पाठ आहेत.

कॅम्पातला_थोरला

गुरुजी, शेवटचं वाक्य वाचून हसलो पण आणि डोळ्यात पाणी पण आलं. रोज सकाळी तेला एक वचन फॉरवर्ड करालोय, दोन निळ्या टिक येतात, बास. आजपासून बंद.

वडगाव_वारकरी

मी तुमच्यातला नव्हे, माळकरी घर, पण मधी बोलतो. आमच्यात पण हेच हाय की. आमच्या चुलत्यानं पोरगी गेल्यावर माळ काढून विहिरीत टाकली, सगळ्या भावकीनं तेला वाळीत टाकल्यागत केलं, आणि तेच लोक एकादशीला तुकोबांचे अभंग म्हणालेत. तुकोबांची बायको आणि पोरगं दुष्काळात अन्नावाचून गेलं, तेनी देवाला शिव्या घातल्यात, एका अभंगात तर माझ्या लेखी देव मेला म्हणून मोकळे झालेत. ते अभंग गाताना टाळ वाजवायचा आणि घरातला माणूस तेच बोलला तर दार लावायचं. चुलते दोन वर्षांनी वारीला आले. माळ परत घातली नाही, आजून बी नाही. चालतात फक्त. कुणी विचारत नाही, आता शिकलेत लोक.

निपाणी_साधा_माणूस

वारकरी भावा, लई भारी. पण थोरल्याला एक सांगालोय, मनात 'परत येईल' धरून वागू नका. मी आलो नाही. आई दर ख्रिसमसला विचारती, ह्या वर्षी तरी? मी येतो, तिच्या शेजारी बसतो, गाणी म्हणतो, गाणी मला आवडतात, प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घ्यायला, उठत नाही. तिला पहिल्यांदा लाज वाटायची, आता माझी जागा धरून ठेवती. विश्वास गेला म्हणजे माणूस गेला असं होत नाही हो. आमच्या घरात मामा तीन वर्षं बोलले नाहीत माझ्याशी, देवावरनं जेवढं मन उडालं नव्हतं तेवढं त्या तीन वर्षांत उडालं.

खानापूरची_नर्सबाय

आईला पण विचारा कुणीतरी. तिचा नवरा गेलाय आणि तिनं ताट तसंच ठेवलं. सगळे पोराच्या विश्वासाचं बोलालेत, तिचा कितपत शिल्लक आहे ते कुणी बघितलंय काय? मी वॉर्डात बघते, सगळ्यात मोठ्यानं प्रार्थना करणारीच आतून सगळ्यात जास्त घाबरलेली असती.

कॅम्पातला_थोरला

आठ दिवसांनी येतोय, माफ करा. सगळ्यांचं वाचलं, दोन दोनदा.

नर्सबाय, तुमचं वाचून आईजवळ बसलो. बराच वेळ काही बोलली नाही, भाजी निवडत होती. मग म्हणाली की प्रार्थनेत पप्पांचं नाव घ्यायला तिला जमत नाही, चार वर्षं घेतलेलं नाही, म्हणूनच लहानग्याला कर म्हणाली होती. म्हणजे ती तेला देवाकडं ओढत नव्हती, तिचं तिलाच होत नव्हतं म्हणून तेच्यावर टाकलेलं. हे मला आठ दिवसांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

गुरुजींचं वाचून पप्पांचं बायबल काढलं, काळ्या रेक्झिनचं, पाठ निघालेली, टेप लावलेली. ईयोब बघायला उघडलं. ईयोबात काही खूण नाही. पुढं चाळताना स्तोत्र ८८ ला शिसपेनची उभी रेघ. हे मी कधी वाचलंच नव्हतं. बाकीच्या रडण्याच्या स्तोत्रांत शेवटी काहीतरी बरं येतं, पण देवा तुझी स्तुती असं. ह्याच्यात येतच नाही, अंधारावर संपतंय. बाजूला पप्पांच्या अक्षरात '१९९६'. त्या वर्षी आमची मधली बहीण गेली, मी पाच वर्षांचा होतो, भाऊ झालाही नव्हता. त्या वर्षी पण पप्पा संडे स्कूल घेत होते, एक रविवार चुकवला नाही असं आई सांगती.

भावाला फोटो नाही पाठवला. बायबल तसंच उघडं तेच्या कॉटवर ठेवलं, शिफ्टवरनं रात्री साडेअकराला आला. सकाळी पुस्तक कपाटावर परत ठेवलेलं. चहा पिताना म्हणाला, पप्पांनी आपल्याला हे सांगायला पाहिजे होतं. मी होय म्हटलं. मग हेल्मेट शोधत बसला.

रविवारी चर्चला आला नाही. दुपारी आईला घेऊन कबरस्थानात जाऊन आला, मधल्या बहिणीच्या कबरीवरचं गवत काढलं म्हणे, तेला जागा माहिती नव्हती, आईनं दाखवली.