रसेलच्या ‘रॉसेस होल’ चित्रात लुईस-क्लार्क कोपऱ्यात का?

कोथरूडची_रेखा: अमेरिकन चित्रकार चार्ल्स रसेलचं १९१२ सालचं तैलचित्र सध्या सारखं बघतेय. १८०५ च्या सप्टेंबरात, पश्चिमेकडे निघालेल्या लुईस आणि क्लार्क या अमेरिकन शोधप्रवाशांना मोंटानातल्या रॉसेस होल खोऱ्यात तिथले मूळ रहिवासी सेलिश लोक भेटले, तो प्रसंग. पण ते दोघं उजवीकडे, मागे, अगदी लहान! चित्र फार आवडलंय. नजर कुठून सुरू करू?

जलरंग_आणि_मुठा: रेखाताई, खालच्या गवतापासून. मी सिंहगडाच्या पायथ्याशी बसून निसर्गचित्रं करते, तिथे हेच शिकले: आधी जमीन, मग माणूस. या चित्रात गवत आपल्या पायाशी येतं, त्यातून सेलिश घोडेस्वार उधळत जातात, आणि मागे बिटररूटचे डोंगर. म्हणजे रसेल आपल्याला यजमानांच्या बाजूला उभं करतो. पाहुणे लांबून येताना दिसणारच ना! आणि ते घोडे नुसती शोभा नाहीत. पुढचे डोंगर ओलांडायला लुईस-क्लार्कच्या मंडळींना घोडेच हवे होते. क्लार्कने सेलिशांकडे किमान ५०० घोडे असल्याचं लिहून ठेवलंय; त्यांतले ११ त्याने विकत घेतले, ७ बदलून घेतले. गरज कोणाला होती हे चित्र बघताक्षणी कळतं. मला यातलं हेच सगळ्यात थोर वाटतं.

मोबाइलवर मात्र बघू नका. मूळ चित्र जवळपास २५ फूट लांब आहे, रसेलला स्टुडिओचं छप्पर उंच करावं लागलं होतं. आज ते हेलेनाला, अमेरिकेतल्या मोंटाना राज्याच्या विधानसभेत अध्यक्षांच्या आसनामागे आहे.

शनिवारातला_जुना: याच्या शेजारी थॉमस डॅनियलचं १८०५ चं पेशवे दरबाराचं चित्र ठेवून बघा. १७९० चा तह, इंग्रजांचा वकील मॅलेट आणि सवाई माधवराव. तिथे बहुतेक सगळे बसलेले, नजर थेट तहावर जाते. जमीन कुठेच नाही. मला आपल्या पुण्याचं म्हणून ते जवळचं, पण मोकळा श्वास रसेलच्या चित्रात आहे.

कोथरूडची_रेखा: दोन्ही लॅपटॉपवर शेजारी लावली. गवतापासून सुरुवात केली आणि खरंच, उजवीकडे पोचेपर्यंत मीच त्या लोकांची वाट बघत होते. पण मग ती जमीन नंतर सेलिशांकडे राहिली का?

जलरंग_आणि_मुठा: नाही हो. बिटररूट खोऱ्यात उरलेल्या सेलिशांनाही १८९१ मध्ये उत्तरेकडच्या राखीव प्रदेशात हलवलं. रसेलने हे चित्र त्यानंतर २१ वर्षांनी काढलं.