सल्ला हवाय: पूर्ण वाळलेलं जळाऊ लाकूड घेताना काय बघायचं?

धागाकर्ता:
नमस्कार मंडळी. घरात धुराडं असलेली बंद शेगडी आहे, काचेच्या दाराची, तिच्यासाठी लाकूड लागतं. मागच्या वेळी ज्यांच्याकडून घेतलं त्यांनी "एकदम कडक वाळलेलंय" म्हणत गाडी रिकामी केली आणि गेले. पेटवायला घेतलं तर फोडीच्या टोकाला पाण्याचे बुडबुडे, फसफस आवाज, नुसता धूर, आणि संध्याकाळ संपायच्या आत काच काळीकुट्ट. फोन केला तर म्हणाले वाटेत पाऊस लागला असेल. आता दुसरा विक्रेता शोधतोय, जवळपास बरेच जण विकतात पण सगळेच वाळलेलं म्हणूनच विकतात ना! त्यांना नेमकं काय विचारू, आणि गाडी दारात आली की माल उतरवायच्या आधी काय तपासू? वजनावर घ्यावं की मापावर? प्लीज सविस्तर सांगा.

प्रतिसाद १:
पावसाचं कारण अजिबात पटत नाही. फोडलेल्या वाळक्या लाकडावर पाऊस पडला तर तो वरवर राहतो, आडोशाला वारा लागेल असं ठेवलं की थोड्या दिवसांत परत सुकतं. टोकातून बुडबुडे येतात ते झाडाचं आतलं पाणी. म्हणजे तुम्हाला ओलं लाकूडच दिलं होतं, सरळ आहे.

विक्रेत्याला "वाळलंय का" असं विचारूच नका, त्याचं उत्तर हो असंच येणार. "फोडलं कधी?" हे विचारा. तोडलं कधी याला फार अर्थ नाही, कारण साल पाणी आत धरून ठेवते, पाणी बाहेर पडतं ते मुख्यतः कापलेल्या टोकांतून आणि फोडलेल्या बाजूंनी. अख्खा ओंडका वर्षभर नुसता पडून असेल तरी आत ओला निघू शकतो, आणि मग गिऱ्हाईक आलं की आदल्या दिवशी फोडून "गेल्या वर्षीचं लाकूड" म्हणून देतात, जे तसं खोटंही नसतं! हलकं लाकूड फोडून रचल्यापासून सहा महिने ते वर्षभरात तयार होतं, टणक लाकडाला वर्ष-दोन वर्षं लागतात, हवा दमट असेल तर अजून जास्त. दुसरा प्रश्न, फोडल्यावर ठेवलं कुठे? ढीग करून ताडपत्रीत गुंडाळलेलं असेल तर वाळत नाही, बुरशी धरतं. शक्य असेल तर जाऊन त्याची रास डोळ्यांनी बघाच.

गाडी आली की वरचं लाकूड बघून समाधान मानू नका. मधलं, तळातलं काढा, त्यातली जाडशी फोड घ्या आणि तिथेच कुऱ्हाडीने उभी चिरा. नव्या चिरलेल्या बाजूवर गाल टेकवा. ओलं असेल तर लगेच गारवा जाणवतो, वासही कच्च्या झाडाचा येतो. बाहेरून पांढरट-करडी झालेली फोड आतून ताज्या रंगाची आणि गार निघाली की समजून जा. चांगला विक्रेता याला कधी नाही म्हणत नाही, जो म्हणेल त्याची गाडी परत पाठवा.

प्रतिसाद २:
वजनावर घेऊ नका! हिशोबच बघा ना. ताज्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं, म्हणजे १००० किलो घेतलं तर लाकूड ५०० किलो आणि ५०० किलो पाणी. तेच २० टक्के पाणी असलेलं वाळकं १००० किलो घेतलं तर ८०० किलो लाकूड मिळतं. म्हणजे वजनावर विकणाऱ्याला ओलं विकण्यातच फायदा. वर ते पाणी उकळून वाफ करायलाही तुमच्याच लाकडाची उष्णता जाते.

मापावर घ्या, पण रचून मोजलेल्या मापावर. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, घनफुटात. नुसतं गाडीत ओतलेलं लाकूड भरपूर दिसतं, रचल्यावर बरंच कमी भरतं, त्यामुळे "एक गाडी" हे काही माप नाही. अमेरिकेत कॉर्ड म्हणून माप आहे, ४ × ४ × ८ फूट म्हणजे १२८ घनफूट, तेसुद्धा नीट रचलेल्या लाकडाचंच धरतात.
आणि मापावर घेताय तर टणक लाकूड मागा. किलोमागे उष्णता सगळ्या वाळक्या लाकडांची जवळपास सारखीच असते, पण तेवढ्याच जागेत टणक लाकूड जास्त किलो बसतं.

प्रतिसाद ३:
दोन फोडी एकमेकींवर आपटून बघायच्या, वाळक्या असतील तर टणटण वाजतात, ओल्या असतील तर धप्प. टोकाला तडे गेलेले असतात आणि साल सुटायला आलेली असते. मी एवढ्यावरच घेतो.

प्रतिसाद १:
@प्रतिसाद ३, आवाजाचं बरोबर आहे पण तड्यांवर भरवसा ठेवू नका हो. टोकं सगळ्यात आधी वाळतात त्यामुळे तडे लवकर पडतात, आत लाकूड ओलंच असतं. ओलावा मोजायचं मीटर मिळतं, फार महाग नसतं, ते घ्याच.

धागाकर्ता:
मीटर घेतो मग. पण टोचायचं कुठे? आणि आकडा किती आला तर घ्यायचं? २० की २५, दोन्ही वाचलं.

प्रतिसाद ४:
ताज्या चिरलेल्या बाजूवर, मधोमध, मीटरच्या दोन्ही पिना लाकडाच्या उभ्या रेषांच्या दिशेने. टोकाला किंवा सालीवर टोचलं तर आकडा फसवा येतो. एकच फोड बघून थांबू नका, वेगवेगळ्या जागच्या चार-पाच बघा.

२० आणि २५ चा घोळ असाय की बरीचशी मीटरं पाण्याचं प्रमाण कोरड्या लाकडाच्या वजनाशी दाखवतात, आणि शेगडीसाठी जे २० टक्के सांगतात ते बहुतेक एकूण वजनाशी असतं. ८० किलो कोरडं लाकूड आणि २० किलो पाणी घ्या, एकूण वजनाशी २० टक्के, पण कोरड्या लाकडाशी २५ टक्के. मीटरच्या कागदावर काय लिहिलंय ते बघा. मी स्वतः मीटरवर २० च्या खालीच घेतो, मग प्रश्नच उरत नाही.

अजून एक, रंग दिलेलं, प्लायवूड किंवा औषध मारलेलं लाकूड कुणी फुकट दिलं तरी शेगडीत घालू नका, धूर विषारी असतो.

धागाकर्ता:
खूप खूप आभार सगळ्यांचे. आज दोघांना फोन केले. एकाला फोडलं कधी विचारलं तर विषयच बदलला. दुसरा म्हणाला मागच्या हिवाळ्याच्या आधी फोडून शेडमध्ये रचलंय, येऊन बघा, मीटर असेल तर घेऊन या. त्याच्याकडून आधी थोडंच घेतोय, चांगलं निघालं तर बाकीचं. ठेवायचं कसं तेवढं सांगा.

प्रतिसाद १:
हाच माणूस धरून ठेवा. ठेवताना खाली फळ्या किंवा विटा टाकून जमिनीपासून वर, वरून झाकण, बाजू मोकळ्या. घराच्या भिंतीला अगदी चिकटवून नको, वाळवी लागली तर घरात शिरते. पुढच्या वेळचं लाकूड सीझन संपताच घ्या, तेव्हा विक्रेत्यालाही घाई नसते आणि थोडं कमी वाळलेलं मिळालं तरी तुमच्याकडे वाळायला वेळ राहतो.
आणि नवीन लाकूड पेटवायच्या आधी धुराडं साफ करून घ्या, हे नक्की करा. ओल्या लाकडाच्या थंड धुराने आत डांबरासारखा चिकट थर बसतो, क्रिओसोट म्हणतात त्याला, आणि वाळक्या लाकडाची चांगली धग लागली की तो थर पेट घेऊ शकतो.