उन्हाळी इंटर्नशिपचा अर्ज: दिल्लीचा आयोग की खंडपीठातील वकिलांचे कार्यालय?

प्रश्न (विधी विद्यार्थिनी, परभणी)

सर्व ज्येष्ठांना नमस्कार. मी तीन वर्षांच्या एलएल.बी. अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षात शिकते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार आम्हाला पूर्ण अभ्यासक्रमात किमान १२ आठवड्यांची इंटर्नशिप करावी लागते. पहिल्या वर्षी मी येथील जिल्हा न्यायालयात एका वकील साहेबांकडे काम पाहिले. येत्या उन्हाळ्यात दिल्लीच्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे अर्ज करावा, की मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथील खंडपीठात वकिली करणाऱ्या ज्येष्ठांकडे, याचा निर्णय होत नाही. घरात कोणी वकील नाही आणि संभाजीनगरात ओळखही नाही. माझे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झाले असून इंग्रजी वाचलेले समजते, परंतु लिहिताना वेळ लागतो. ओळख नसताना वकिलांना अर्ज कसा पाठवावा, आयोगासाठीच्या उद्देशपत्रात काय लिहावे आणि मराठी माध्यमाचा उल्लेख करावा की टाळावा, याविषयी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (वकील, औरंगाबाद खंडपीठ)

ओळख नसल्यामुळे अर्ज मागे पडतो असा समज विद्यार्थ्यांमध्ये आहे, पण माझा अनुभव वेगळा आहे. अर्ज मागे पडतो तो त्यात अर्जदार कुठेच दिसत नाही म्हणून. "मला कायद्याची मनापासून आवड असून आपल्या मार्गदर्शनाखाली शिकण्याची इच्छा आहे" हे वाक्य जवळजवळ प्रत्येक अर्जात असते आणि त्यावरून काहीच कळत नाही. याउलट, "मी वाटणीच्या एका दाव्यात वादपत्र, कैफियत आणि न्यायालयाने काढलेले मुद्दे वाचून टिपण तयार केले, वादीचा उलटतपास ऐकला, आणि अशा निकालावर अपील कोणत्या कारणांवर उभे राहते हे मला शिकायचे आहे" असे कोणी लिहिले, तर मी तो अर्ज बाजूला ठेवणार नाही. आपण पहिल्या वर्षी प्रत्यक्ष जे केले असेल तेवढेच लिहा, पण इतक्या नेमकेपणाने लिहा.

अर्ज पाठवण्याआधी त्या वकिलांचे काम कोणत्या प्रकारचे आहे ते पाहून घ्या. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलांच्या नावाने प्रकरणे शोधता येतात. भूसंपादनाची अपिले चालवणाऱ्यांकडे फौजदारी कायद्याची आवड सांगणारा अर्ज गेला, तर दोघांचाही वेळ जातो. मराठवाड्यातील जमिनीच्या प्रकरणांत रस असेल, तर १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम चाळून या आणि १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक (जमिनीच्या पाहणीची जुनी नोंद) तलाठ्याकडे किंवा एखाद्या जुन्या फाईलमध्ये एकदा डोळ्यांखालून घाला. उर्वरित महाराष्ट्रातून आलेल्या विद्यार्थ्यांना हे कागद सहसा माहीत नसतात.

एक व्यावहारिक बाब मात्र बहुतेक जण विसरतात. मे महिन्याचा बराचसा काळ उच्च न्यायालयाला उन्हाळी सुट्टी असते. सुट्टीतील न्यायपीठासमोर तातडीची प्रकरणे चालतात, नियमित बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) नसतो. म्हणून युक्तिवाद ऐकायचे असतील तर एप्रिल किंवा जूनचा दुसरा पंधरवडा मागा. मसुदे लिहायला शिकायचे असेल तर मे उत्तम, कारण तेव्हा वकिलांना शेजारी बसवून परिच्छेद दुरुस्त करून दाखवायला सवड असते. आपल्याला यांपैकी काय हवे आहे ते अर्जातच लिहा.

उत्तर २ (विधी महाविद्यालयातील प्राध्यापक, लातूर)

वकील साहेबांच्या म्हणण्याशी मी सहमत आहे. त्यात नियमांची थोडी भर घालतो. कोणत्याही एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त इंटर्नशिप धरली जात नाही, आणि संपूर्ण अभ्यासक्रमात किमान एकदा तरी सत्र वा दिवाणी न्यायालयात तसेच अपिलात काम करणाऱ्या वकिलांकडे शिकणे बंधनकारक आहे. आपण जिल्हा न्यायालय पाहिले आहे. अपिलाची बाजू अद्याप बाकी आहे. म्हणून माझे मत यंदा खंडपीठाच्या बाजूने आहे.

शिफारसपत्रासाठी प्राचार्यांकडे शेवटच्या दिवशी जाऊ नका. आपली इंटर्नशिप डायरी सोबत न्या. पक्षकाराच्या मुलाखतींच्या आणि दावा दाखल करण्याच्या नोंदींना आमच्याकडे गुण असतातच, पण त्या नीट लिहिलेल्या असतील तर शिफारस करणाऱ्यालाही लिहायला काही मिळते. "न्यायालयात उपस्थित राहिले, कामकाज पाहिले" अशी नोंद कोणाच्याच उपयोगाची नसते. साक्षीदाराला कोणता दस्तऐवज दाखवला, त्यावर कोणती हरकत आली आणि न्यायाधीशांनी ती कशी निकाली काढली, हे त्याच संध्याकाळी लिहून ठेवावे.

उत्तर ३ (वकील, नांदेड)

ताई, मराठी माध्यमाचा उल्लेख टाळू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. फक्त तो उणीव म्हणून न मांडता कामाशी जोडून मांडा. मानवी हक्क आयोगाकडे घटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत तक्रार करता येते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाची किंवा कोठडीतील व्यक्तीच्या नातेवाइकांची मराठी तक्रार वाचून तिच्यातील तारखा, ठिकाणे आणि मागणी वेगळी काढून इंग्रजीत मुद्देसूद मांडणे हे खरेखुरे कायद्याचे काम आहे, आणि आपल्याकडचा विद्यार्थी ते करू शकतो. उद्देशपत्रात हे तीन-चार वाक्यांत लिहा. इंग्रजी साधे असले तरी चालते. उसने घेतलेले जड इंग्रजी मात्र मुलाखतीत उघडे पडते.

दिल्लीला राहण्याचा खर्च आधी विचारात घ्या. तो झेपणारा नसेल तर परभणीच्याच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ नुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतील व्यक्ती यांना मोफत विधी साहाय्याचा हक्क आहे. तिथे समोर बसलेल्या माणसाचे म्हणणे ऐकून अर्ज लिहावा लागतो, आणि हे शिक्षण मोठ्या कार्यालयात सहजी मिळत नाही.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. खंडपीठातील वकिलांकडे अर्ज करण्याचे ठरवत आहे. अर्जासोबत लेखनाचा नमुना मराठीत पाठवला तर चालेल का?

उत्तर १ (वकील, औरंगाबाद खंडपीठ)

खंडपीठाचे लेखन इंग्रजीत चालते, त्यामुळे एक पानी इंग्रजी टिपण पाठवा. एखादा निकाल घ्या आणि वस्तुस्थिती, वादाचा मुद्दा व न्यायालयाने दिलेले कारण एवढेच स्वतःच्या शब्दांत लिहा. सोबत जमिनीच्या एखाद्या मराठी कागदाचा आपण केलेला इंग्रजी सारांश जोडलात तर अधिक चांगले. पक्षकाराचे नाव आणि गट क्रमांक मात्र त्यातून काढून टाका. अर्ज मार्चमध्येच पाठवा आणि आठवडाभरात उत्तर आले नाही तर एकदा नम्रपणे आठवण करून द्या.