कास्काराला मराठीत काय म्हणायचं? टरफल, साल का सोलं?

विश्रामबागकर: मंडळी एक शब्द सुचवा. चिकमगळूरवरनं कास्कारा मागवलाय, म्हणजे कॉफीच्या फळातनं बिया काढल्यावर जी साल नि थोडा गर राहतो ना तो वाळवलेला, त्याचा चहा गाड्यावर ठेवायचाय. पाटीवर 'कॉफीच्या टरफलांचा चहा' लिहिलं तर पहिलंच गिऱ्हाईक म्हणतंय, टरफलं काय प्यायची असतात व्हय!

सातारी_कंदी: गिऱ्हाईक बरोबर बोललं की. टरफल म्हटलं की शेंगेचं, कोरडं, फेकायचं. फोलपटाचं पण तेच. कास्कारा हातात घेऊन बघा, तांबूस काळपट, सुरकुतलेला, वास बेदाण्याकडं जाणारा. स्पॅनिशवाल्यांचं बरंय, अंड्याचं कवच असो नाहीतर संत्र्याची साल, सगळ्याला कास्काराच.

मिरज_जंक्शन: सरळ 'कॉफी चेरी टी' लिहा ना, खपतंय.

सातारी_कंदी: नका लिहू. आपल्याकडच्या कॉफीच्या धंद्यात चेरी म्हणजे फळ सालीसकट वाळवून मग बी काढलेली कॉफी, अरेबिका चेरी, रोबस्टा चेरी असा मालच विकला जातो. जाणकार माणूस आला तर कॉफीच मागंल.

मिरज_जंक्शन: मग यमनचा 'किशर' घ्या. तिथं हीच सालं आलं घालून उकळून पितात, कधी दालचिनी पण, आपल्या जिभेला लगेच पटंल. बोलिव्हियात ह्यालाच सुलताना म्हणतात, पण ते तासगावात चालायचं नाही, बेदाणाच समजतील 😄

कोयनाकाठ: एवढं लांब कशाला जाताय? रातांब्याची साल वाळवली की कोकणात तिला सोलं म्हणतात, सोलकढीतलं. फळाची साल, वाळवलेली, पाण्यात उतरवून प्यायची, तिन्ही जुळतंय. 'कॉफीची सोलं' म्हणा.

विदर्भ_टू_सांगली: आमच्याकडे सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे हो, सोलेभात खाल्ला नाही का कधी 😀

कोयनाकाठ: गाडा सांगलीत आहे भाऊ, अकोल्यात नाही.

मिरज_जंक्शन: आणि 'चहा' म्हणायचं का? चहाची पत्तीच नाही त्यात.

सातारी_कंदी: गवती चहात तरी कुठं असते. काढा म्हटलं तर लोक सर्दी झाल्यावरच येतील. हां, नुसतं 'कास्कारा' मात्र लिहू नका, 'कास्कारा सॅग्राडा' नावाची अमेरिकेतल्या एका झाडाची साल वेगळीच असते, ती जुलाबाची. नेटवर शोधणारं गिऱ्हाईक घाबरून पळंल.

विश्रामबागकर: ठरलं मग, 'कॉफीसोलांचा चहा'. कपाला दोन-तीन चमचे, वरनं उकळतं पाणी, चार-पाच मिनिटं झाकून, गाळून. आलं मागितलं तर घालीन. खाली बारीक अक्षरात 'दूध नाही, कॅफिन आहे' पण लिहितो, नाहीतर लोक कॉफी नाही म्हणून रात्री दोन-दोन कप पितील नि झोप नाही म्हणून मलाच शिव्या घालतील.

मिरज_जंक्शन: बारीक नको, मोठं लिहा. आणि कप कितीला ते सांगा की आधी.