ऑपोझिंग फोर्सआधी हाफ-लाइफ संपवायलाच हवा का?

प्रश्न: झेन या परग्रही जगातल्या उड्यांनी वैतागून हाफ-लाइफ हा व्हिडिओ गेम सोडलाय. थेट ऑपोझिंग फोर्स सुरू केला तर कथा कळेल?

उत्तर १: कळेल, पण मजा निम्मी. १९९९ चा हा विस्तार (जोड-गेम) गिअरबॉक्स कंपनीचा. मूळ गेममध्ये ज्यांच्या गोळ्या चुकवत पळालो, त्याच सैनिकांपैकी एक शेफर्ड म्हणजे इथे आपण. एका ठिकाणी मूळ गेमचा नायक फ्रीमन झेनला नेणाऱ्या पोर्टलमध्ये उडी घेताना दिसतो. मी शहाणा, गेलो त्याच्या मागे! गेम तिथेच खलास. सेव्ह केलं नव्हतं हे वेगळं सांगायला नको.

उत्तर २: मूळ गेममधल्या पहारीऐवजी पाइप-पाना मिळतो. पण खरी धमाल बार्नेकल या लांब जिभेच्या प्राण्याची, तो इथे हत्यारासारखा हातात असतो, त्याच्या जिभेला लटकून वर जाता येतं.

प्रश्नकर्ता: म्हणजे आधी हाफ-लाइफ संपवायला झेन पुन्हा खेळणं आलंच. बरं.

उत्तर १: उडी मारताना खाली वाकायचं बटण दाब, जमेल.