रस्त्याकडेच्या मोठ्या झाडाशेजारून ड्राइव्हवे: खोदाई किती चालेल?

नवी_वाट

फाटकाबाहेर, रस्त्याच्या अगदी कडेला एक जुनं, भरलेलं झाड आहे. जमिनीपासून १.४ मीटरवर खोडाचा घेर १९० सेंमी. गाडी आत आणायला ३ मीटर रुंद वाट हवी आहे. आराखड्यात वाटेची जवळची कड खोडाच्या मध्यापासून ३ मीटरवर येते. ठेकेदाराचा बेत असा: ४० सेंमी खोदायचं, सोलिंग (दगडांचा थर) घालून धुमस करायची, वर १५ सेंमी काँक्रीट. झाड जगायला हवं आणि पुढे काँक्रीटही उचललं जायला नको. खोदाई किती कमी केली तर चालेल? आणि मुळं वाटेखाली येऊ नयेत म्हणून कडेने मूळरोधक पडदा पुरायचा का?

हिरवी_छत्री

४० सेंमी खोदलंत तर त्या पट्ट्यातली बहुतेक कामाची मुळं गेलीच. झाड कितीही उंच असलं तरी पाणी ओढणारी बारीक मुळं मुख्यतः वरच्या ६० सेंमी मातीत असतात, त्यातही वरच्या ३० सेंमीत दाट. म्हणून ४० च्या ऐवजी २० केल्याने फारसं वाचत नाही. खोदाई शून्य धरा आणि तिथून आराखडा मांडा.

आधी मोजमाप. घेर १९० म्हणजे व्यास साधारण ६० सेंमी. ब्रिटनचं बीएस ५८३७ आणि ऑस्ट्रेलियाचं एएस ४९७० ही दोन्ही मानकं जपायच्या क्षेत्राची त्रिज्या व्यासाच्या १२ पट धरतात, म्हणजे इथे ७.२ मीटर. ऑस्ट्रेलियाच्या मानकात आतलं आणखी एक वर्तुळ असतं, झाडाला उभं धरणाऱ्या जाड मुळांचं. बुंध्यालगतचा व्यास ७५ सेंमी धरला तर ते २.९ मीटरचं होतं. तुमची कड ते जेमतेम चुकवते आहे. तिथलं जाड मूळ तुटलं तर झाड नुसतं सुकत नाही, वाऱ्यात उन्मळून पडू शकतं.

७.२ मीटरच्या मोठ्या वर्तुळाचा तुमच्या बाजूचा अर्धा भाग सुमारे ८१ चौ.मी. आहे. कड ३ मीटरवर ठेवली तर त्यातले साडेसोळा चौ.मी. झाकले जातात, ४.५ मीटरवर नेली तर साडेदहा. बीएस ५८३७ मोकळ्या जमिनीच्या २० टक्क्यांपर्यंतच नवं पक्कं आच्छादन मान्य करतं, आणि तुम्ही आत्ता नेमके त्या रेषेवर आहात. रस्त्याखालची माती आधीच दाबलेली असल्यामुळे अशा झाडाची बरीच भिस्त घराकडच्या मातीवर असते. दीड मीटर सरकवता येत असेल तर बाकी सगळं त्यानंतर ठरवा.

पडदा मुळीच नको. तो पुरायला ६० सेंमीचा चर लागतो, आणि त्या चरातच मुळं तुटतात. नवं रोप लावताना तो ठीक आहे.

खडी_माती

शून्य खोदाईत पाया जमिनीच्या वर बांधतात. गवत हातानेच काढा, माती खरवडू नका, खड्डे जाड वाळूने भरा. त्यावर न विणलेलं जिओटेक्स्टाईल, म्हणजे पाणी जाऊ देणारं कृत्रिम कापड, जोडांवर ३० सेंमी चढवून. मग जिओसेल, म्हणजे पोळ्यासारखे प्लास्टिकचे कप्पे, ताणून सळयांनी रोवायचे. फक्त कार येणार असेल तर १० सेंमी उंचीचे कप्पे बहुधा पुरतात. मालवाहू गाडी येणार असेल किंवा माती मऊ असेल तर १५ किंवा २०.

भरणीत सगळ्यात जास्त चुका होतात. खडी धुतलेली, टोकदार, २० ते ४० मिमीची हवी. कच किंवा मुरूम घातला तर पोकळ्या बुजतात आणि खालच्या मुळांना हवा-पाणी मिळत नाही. गोल गोटे एकमेकांत अडकत नाहीत, चाकाखाली सरकतात. भरलेल्या टोकावर उभं राहून पुढे भरत जायचं. यंत्राचं चाक उघड्या मातीवर एकदाही जाऊ नये. ओल्या मातीवर तर कामच करू नका. कंपन देणारा रोलर नको.

वर पुन्हा जिओटेक्स्टाईल, २ ते ६ मिमीच्या खडीचा ५ सेंमी थर आणि ८ सेंमीचे पाणी झिरपू देणारे पेव्हर. सांध्यांतही तीच बारीक खडी, वाळू नाही. १५ सेंमीचे कप्पे धरले तर एकूण उंची २८ सेंमी. कडेला काँक्रीटमध्ये बसवलेला कर्ब नको, त्याला चर लागतो; लाकडी फळ्या खुंट्यांनी धरून ठेवा.

नवी_वाट

घराकडे २८ सेंमी चढ चालेल, जोतं त्याहून वर आहे. पण आतली जमीन रस्त्यापेक्षा आधीच १५ सेंमी उंच आहे. रस्त्याकडचा जोड कसा काढायचा?

ढाळ_उतार

या पद्धतीत खरा पेच तिथेच असतो, आणि बहुतेक आराखड्यांत तो दाखवलेलाच नसतो. १५ आणि २८ मिळून ४३ सेंमी चढायचं आहे. १:१० चा ढाळ धरला तर ४.३ मीटर लागतात, आणि तेवढ्या लांबीत पायाचा तळ जमिनीच्या खाली जातो. म्हणजे खोदाई आलीच, तीही झाडाच्या सगळ्यात जवळ.

थर पातळ करून पाहा. १० सेंमीचे कप्पे आणि वर ३ सेंमी खडी घेतली तर एकूण चढ ३६ सेंमी होतो, लांबी ३.६ मीटरवर येते. तेवढ्या भागात आधी दाबाच्या हवेने माती उडवून मुळं उघडी करून पाहा; टिकाव-पहार नको. उघडी मुळं लगेच ओल्या गोणपाटाने झाका, ती लवकर सुकतात. २५ मिमीपेक्षा बारीक मुळं धारदार करवतीने सरळ कापता येतात. त्याहून जाड मूळ वृक्षतज्ज्ञाला दाखवल्याशिवाय कापू नका.

जाड मुळं आडवी आलीच तर तिथे स्लॅब पुलासारखा टाकायचा. आधार मुळांच्या मधल्या जागा शोधून हाताने खोदलेल्या खड्ड्यांत, आणि मूळ पुढे जाड होईल म्हणून स्लॅबखाली पोकळी. ओलं काँक्रीट मुळांना जाळतं, म्हणून खड्ड्याला आतून प्लास्टिकचं अस्तर लावा.

हिरवी_छत्री

फक्त एकच कार असेल तर ३ मीटरचा पूर्ण पट्टा कशाला? दोन चाकांखाली ६०-६० सेंमीच्या पट्ट्या आणि मध्ये ९० सेंमी उघडी माती ठेवली तरी गाडी येते. वळणावर मात्र पट्ट्या रुंद कराव्या लागतात.

काम सुरू होण्याआधी उरलेल्या वर्तुळाला पक्कं कुंपण घाला. सिमेंट कालवणं आणि अवजारं धुणं त्याच्या बाहेर, उताराच्या खालच्या अंगाला. नंतर उघड्या मातीवर ५ ते १० सेंमी पालापाचोळ्याचं आच्छादन, खोडापासून थोडं दूर. मुळांचं नुकसान शेंड्याकडे दिसायला काही वर्षं लागतात, त्यामुळे पहिल्या वर्षी झाड हिरवं दिसलं म्हणून कोरड्या दिवसांतलं पाणी बंद करू नका.