घरचा संग्रह क्लाउडवरून ऐकायचा की घरच्या डिस्कवरून?

तीव्रमध्यम
कॅसेटवर उतरवलेल्या खासगी मैफिली, मिनीडीव्ही टेपवरची लग्नं-मुंजी, विकत घेतलेल्या सीडी असा आमच्या घरचा साठा आता डिजिटाइज झाला आहे. भेटेल तो सांगतो, डिस्क कशाला सांभाळता? सगळं क्लाउडवर चढवा, आरक्लोन या क्लाउडशी जोडणाऱ्या प्रोग्रामने तो फोल्डर सर्व्हरला जोडा, वर जेलीफिन किंवा नॅव्हिड्रोम हे संग्रह इंटरनेटवरून ऐकवणारं सॉफ्टवेअर बसवा आणि कुठूनही ऐका. हे व्यवस्थित चालतं, त्याबद्दल वाद नाही. माझं म्हणणं इतकंच की ज्या मैफिलीची दुसरी प्रत जगात कुठे नाही, तिचा एकुलता एक मुक्काम भाड्याच्या जागेत नको.

मायक्रोसॉफ्टने वनड्राइव्हची अमर्याद जागा २०१५ मध्ये काढून घेतली. अ‍ॅमेझॉन ड्राइव्हची अमर्याद योजना २०१७ मध्ये गेली आणि ३१ डिसेंबर २०२३ ला ती सेवाच संपली. जेलीफिनसारखंच सॉफ्टवेअर देणाऱ्या प्लेक्सने तर २०१६ मध्ये नेमकी हीच सोय ‘प्लेक्स क्लाउड’ म्हणून आणली होती, ती ३० नोव्हेंबर २०१८ ला गुंडाळली. अशा जमिनीवर मी घर बांधणार नाही.

परदेशस्थ
पूर्ण असहमत. अ‍ॅमेझॉनने ड्राइव्ह बंद करत असल्याचं जुलै २०२२ मध्येच जाहीर केलं होतं, म्हणजे जवळपास दीड वर्ष आधी. प्लेक्स क्लाउड गेलं तेव्हाही फायली ज्याच्या त्याच्या ड्राइव्हमध्ये शाबूत होत्या. डिस्क मरते तेव्हा अशी मुदत देते का?

आई नाशिकला, भाऊ बंगळुरूला, मी अमेरिकेत. घरच्या डिस्कवरून ऐकायचं तर आईकडचा संगणक चोवीस तास चालू हवा. आपल्याकडच्या बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्या सीजीनॅटच्या, म्हणजे अनेक ग्राहकांत वाटलेल्या एकाच सार्वजनिक आयपी पत्त्याच्या मागे असतात, त्यामुळे राउटरवर पोर्ट उघडूनही बाहेरून आत शिरता येत नाही. काही अडलं की मध्यरात्री आईला उठवून बटणं दाबायला लावायची? मी नाही लावणार.

तीव्रमध्यम
ताई, सीजीनॅटवर टेलस्केल हा उपाय आहे, ते आपली यंत्रं खासगी जाळ्याने एकमेकांना जोडतं, त्याला सार्वजनिक आयपी लागत नाही. आणि गाण्याला वेग लागतो किती? सीडीचा कच्चा प्रवाह १,४११ केबीपीएस, फ्लॅक, म्हणजे दर्जा न घटवता लहान केलेली फाइल, केल्यावर बहुतेक वेळा त्याहून बराच कमी. घरच्या साध्या अपलोडवर दोन-तीन जण आरामात ऐकतील. मिनीडीव्ही मात्र जड, २५ एमबीपीएस, तासाला सुमारे १३ जीबी. त्याची बघण्यापुरती हलकी एच.२६४ प्रत करायची आणि मूळ फाइल बाजूला ठेवायची, मग सर्व्हर कुठेही असो.

जुनी टेप
योजना बंद होणं वेगळं आणि खातं बंद होणं वेगळं. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वडिलांची हकिकत छापली होती. आजारी मुलाचे फोटो त्यांनी डॉक्टरांना दाखवायला काढले, गूगलच्या यंत्रणेने ते आक्षेपार्ह ठरवले आणि खातं बंद झालं. पोलिसांना त्यात गुन्हा आढळला नाही, तरी खातं परत मिळालं नाही. आता आपापले घरगुती व्हिडिओ आठवा. बाळाच्या पहिल्या अंघोळीचं चित्रीकरण कुठल्या घरात नाही?

यावर उपाय म्हणून आरक्लोनचं ‘क्रिप्ट’ आहे. फायली कुलूपबंद होऊनच वर जातात, कंपनीला आतलं दिसत नाही. पण मग त्या कंपनीच्या अ‍ॅपमध्येही वाजत नाहीत. कुलूप उघडायला आरक्लोन चालवणारं आपलं यंत्र लागतंच, घरी ठेवा नाहीतर भाड्याने घ्या. म्हणजे परदेशस्थ यांचा ‘यंत्राची कटकट नको’ हा मुद्दा इथे अर्धा राहतो. शिवाय पासवर्ड एकालाच ठाऊक असेल आणि तो माणूस गेला, तर सगळा संग्रह असून नसल्यासारखा. तो कागदावर लिहून घरातल्या दोघांकडे तरी द्या, ही कळकळीची विनंती.

कोकणवारा
डिस्क घरी ठेवा म्हणणाऱ्यांनी एक पावसाळा आमच्याकडे काढावा. दमट हवेने कॅसेटींवर बुरशी चढते, विजेचा दाब वरखाली होतो. आणि २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर विसरलात का? तळमजल्यावरच्या घरांत अल्बम, टेपा, संगणक एकाच दिवशी पाण्याखाली. कपाटात जपून ठेवलेली दुसरी डिस्कसुद्धा त्याच पाण्यात. ज्यांनी फोटो वर चढवून ठेवले होते, त्यांच्याकडे आज ते आहेत. माझ्यापुरता वाद तिथेच संपतो.

तीव्रमध्यम
पुराचा मुद्दा पूर्ण मान्य. म्हणून तर तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर हा जुना नियम. ती बाहेरची प्रत खुशाल क्लाउडवर ठेवा.

पण रोज ज्यावरून ऐकतो तो फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे. तो जिवंत असतो. सर्व्हरला पुसायची मुभा असेल, तर घरातल्या कुणाच्याही एका चुकीच्या क्लिकने मैफल जाईल. म्हणून जोडताना फक्त वाचनाची परवानगी द्या. आरक्लोनचं ‘सिंक’ जपून वापरा, मूळ जागी जे नाही ते ते पलीकडूनही पुसतं. फक्त भर घालायची तर ‘कॉपी’ आहे.

परदेशस्थ
वाचनाची परवानगी आजच लावते. क्रिप्टचं म्हणाल तर ते यंत्र माझ्या इथल्या घरी राहील, आईकडे नाही. पण मूळ प्रत कोणती, यावर आपलं जमणार नाही. आमच्याकडे भाऊ एका मैफलीच्या नोंदीतलं रागाचं नाव दुरुस्त करतो, मी साथीदारांची नावं भरते, आई साल सांगते. ही दुरुस्ती तिघांच्या तीन डिस्कवर झाली तर महिन्याभरात तीन वेगळे संग्रह होतील. मूळ प्रत क्लाउडवरच राहील. आईच्या कपाटातली डिस्क तिच्यावरून भरली जाईल, भाऊ दिवाळीला गेला की.

जुनी टेप
भरून झाल्यावर ‘क्रिप्टचेक’ चालवायला सांगा त्यांना. डिस्कवरच्या फायली आणि वरच्या कुलूपबंद फायली जुळतात का, ते त्यात कळतं.